काकांचा ट्रॅक्टर: उघडणी ते पेरणी

५ जानेवारी २०२५, रविवार

गहू पोटरीत आहे, फवारणीपुरता ट्रॅक्टर भावकीतून मिळतो, त्यामुळे काका एकदाचे हो म्हणाले. "काय खोलायचं ते खोल, पण पेरणीला मला तो शेतात उभा हवा." शेती सांवेरच्या पुढे, राहणं इंदुरात लोकमान्यनगरला, आणि माझी नोकरी पीथमपूरच्या एका कारखान्यात गिअर तपासणीची. म्हणजे हे सगळं काम रविवारचं.

ट्रॅक्टर १९८४ चा. तीन सिलिंडर, पस्तीस हॉर्सपॉवर, सहा गिअर पुढचे, दोन मागचे, तेलाच्या वाटीचा एअर क्लीनर, आणि अजूनही डायनॅमो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ही दुखणी त्या पिढीतल्या बहुतेक ट्रॅक्टरांची आहेत, आणि आमच्या गावात ट्रॅक्टरच्या कंपनीवरून जेवढी भांडणं होतात तेवढी सोयरिकीवरूनही होत नाहीत.

आजच्या तक्रारी: थंडीत ढकलल्याशिवाय सुरू होत नाही. निळा धूर. क्लच घसरतो. डावा ब्रेक नावाला. पुढची चाकं रस्त्यावर नाचतात. लिफ्ट नांगर उचलते, पण नांगर वर असताना सारखी खालीवर हलत राहते. उभा असेल तिथे खाली तेलाचा डाग.

ट्रॅक्टर चकाचक करायचा नाहीये. चाळीस वर्षांत नेमकं काय झिजलं, किती झिजलं आणि कशामुळे, हे मला बघायचंय. म्हणून नियम एकच: काढलेला प्रत्येक भाग धुवायचा, मोजायचा, मगच बदलायचा की नाही ते ठरवायचं. तक्त्याचा नमुना बुदनीच्या चाचणी अहवालांवरून घेतलाय. नर्मदाकाठच्या बुदनीला १९५५ पासून केंद्र सरकारची शेतीयंत्रांची संस्था आहे. तिथे ट्रॅक्टरची चाचणी झाली की शेवटी तो उघडून सिलिंडर, रिंगा, बेअरिंग मोजतात आणि मापं अहवालात छापतात. नव्या ट्रॅक्टरसाठी केलेला तक्ता जुन्याला लावायला हरकत नाही.

१२ जानेवारी

आज पाना हातात घेतला नाही. काकांची वही वाचली.

लाल कापडी पुठ्ठ्याची लांब खातेवही. ट्रॅक्टर घरी आला त्या दिवसापासून त्याच्यावर झालेला प्रत्येक खर्च तिच्यात आहे, अगदी पंक्चरसुद्धा. काका बँकेत होते, त्यामुळे अक्षर आणि बेरीज दोन्हींची खात्री.

सुरुवातीची वर्षं अगदी कंटाळवाणी: तेल, फिल्टर, पट्टा, एक टायर. पहिली क्लच प्लेट नऊ वर्षं टिकली. मग १९९३-९४ पासून पानं भरायला लागतात. क्लच प्लेट दर दोन-तीन वर्षांनी, किंग पिनचे (पुढचं चाक जिच्यावर वळतं त्या पिनचे) बुश जवळजवळ दर उन्हाळ्यात, ब्रेकचे लायनिंग, मागच्या एक्सलचे ऑइल सील. इंजिन १९९८ साली एकदा उघडलंय. गिअरबॉक्स कधीच नाही. क्राउन-पिनियन, म्हणजे मागच्या एक्सलला फिरवणारी गिअरची जोडी, कधीच नाही.

मी काकांना विचारलं, त्या सुमाराला असं काय झालं? ते म्हणाले, "सोयाबीन झालं. आणि ट्रॉली घेतली."

माळव्यातल्या काळ्या जमिनी पूर्वी पावसाळ्यात बऱ्याचशा पडीक ठेवत. गहू-हरभरा घ्यायचा तो जमिनीत साठलेल्या ओलीवर. त्यामुळे ट्रॅक्टरचं काम कोरड्यातलं. सोयाबीन पसरलं तसं जून ते ऑक्टोबर हा काळही कामाचा झाला. इंदूरला सोयाबीनचं राष्ट्रीय संशोधन केंद्र १९८७ साली आलं, आमच्या शेतात सोयाबीन त्यानंतर पाचेक वर्षांनी. ट्रॅक्टर पहिल्यांदा चिखलात उतरला तो तेव्हा. ट्रॉली घेतल्यावर भाड्याची कामं सुरू झाली: मंडीत माल नेणं, विटा, मळणीयंत्र चालवणं, आणि पुढे उन्हाळ्यात पाण्याचा टँकर.

वहीतली मोडतोड आणि ही कामं शेजारी शेजारी मांडली तर जवळपास सगळ्या खर्चाचा हिशोब लागतो. ज्या गिअरबॉक्सला 'जुनं लोखंड' म्हणून नावाजतात तो शाबूत आहे, कारण त्याला नांगरटीसाठी बनवलं आणि नांगरटीचंच काम दिलं. क्लच, ब्रेक आणि पुढचा एक्सल यांना मात्र त्यांचं नसलेलं काम करावं लागलं. हा माझा अंदाज आहे. मापं काय म्हणतात ते बघू.

१९ जानेवारी

पुढचा एक्सल. जॅक लावून चाक हलवलं तर वरखाली दोन बोटं हललं. किंग पिन बुशमध्ये घंटेच्या लोलकासारखी लोंबत होती. मधली सेंटर पिन, जिच्यावर अख्खा पुढचा एक्सल डोलतो, एकाच बाजूने खाल्ली गेली होती, आणि एक्सलचं भोक लांबट झालं होतं.

पिना आणि बुश स्वस्त असतात. झिजायचं ते त्यांनीच, अशीच रचना असते. पण भोक लांबट झालं की लेथवर जाऊन मोठं करून बुश ठोकावा लागतो, नाहीतर नवी पिनसुद्धा सहा महिन्यांत तशीच. पैसा तिथे जातो.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. ग्रीसच्या निपलांपैकी अर्ध्यांची तोंडं रंग आणि वाळलेल्या गाळाने बंद. ग्रीस गन दाबली तर ग्रीस बाहेरून ओघळायचं आणि बघणाऱ्याला वाटायचं, झालं ग्रीसिंग. आत कोरडं. आमची काळी माती स्मेक्टाइट गटाची, पाणी प्यायली की फुगते, चिकटते, वाळली की विटेसारखी होते. ती सीलच्या ओठाशी ओली बसते, पाणी धरून ठेवते, आणि वाळताना रबर घासत राहते. ग्रीस घालण्याचा हेतू वंगणाइतकाच ही माती बाहेर ढकलण्याचा आहे. म्हणून जुनं काळं ग्रीस पूर्ण बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत गन चालवायची, आणि चिखलातून आल्यावर त्याच संध्याकाळी चालवायची. दुसऱ्या दिवशी ती माती निघत नाही.

टाय रॉडचे दोन्ही सांधे बदलले. स्टीअरिंग बॉक्सला थोडी ढिलाई आहे, चालेल.

२ फेब्रुवारी

आज ट्रॅक्टर मधून वेगळा केला, मिस्त्रींच्या भाषेत 'दो पार्ट'. मिस्त्री सांवेरचे, साठीच्या पुढचे, मला 'दीदी' म्हणतात आणि माझ्या मायक्रोमीटरकडे संशयाने बघतात.

या ट्रॅक्टरला मोटारीसारखी चौकट नसते. इंजिनाचं ओतीव लोखंड, गिअरबॉक्सचं कवच आणि मागच्या एक्सलचं कवच एकमेकांना बोल्टने जोडलेलं, हाच सांगाडा. ही पद्धत १९१७ च्या फोर्डसनपासूनची. स्वस्त, भक्कम, पण क्लच प्लेटसारखी किरकोळ वस्तू बदलायला अख्खा ट्रॅक्टर दुभंगावा लागतो. आणि जोडाचे बोल्ट सैल पडले की कवचाचे जोड घासले जातात. आमचे दोन बोल्ट हाताने फिरले. जोड पट्टी लावून तपासला, सपाट आहे, वाचलो.

क्लच: प्लेट रिव्हेटपर्यंत घासलेली आणि तेलाने चिंब. प्रेशर प्लेटवर निळे डाग, म्हणजे ती घसरून खूप तापली होती. रिलीज बेअरिंग कोरडं.

तेल आलं क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या सीलमधून. त्या काळच्या कितीतरी इंजिनांना तिथे रबरी सील नसून ग्रॅफाइट लावलेली दोरी असते, दोन अर्धगोल खोबणीत ठोकून बसवलेली. ती आज ना उद्या पाझरणारच. हा खरा रचनेतला कमकुवतपणा, इथे वापरणाऱ्याला दोष देता येत नाही. पण तेल लागलेली प्लेट घसरते म्हणून कोणी वर्षाला क्लच बदलत असेल आणि दोरी तशीच ठेवत असेल, तर ते त्याचं.

आता निळे डाग. वहीत टँकरच्या फेऱ्या आहेत. पाच हजार लिटरचा टँकर म्हणजे पाण्याचंच वजन पाच टन, वर टाकीचं लोखंड. ट्रॅक्टर स्वतः पावणेदोन टनांच्या आत. गावातल्या गल्लीत चढावर थांबायचं, बादल्या भरेपर्यंत अर्ध्या क्लचवर धरून ठेवायचं, पुन्हा उचलायचं. त्यात टँकरला स्वतःचे ब्रेक नाहीत. उतारावर सहा-सात टन थांबवायचं काम ट्रॅक्टरच्या मागच्या दोन ड्रमांचं, आणि डाव्या ड्रममध्ये एक्सलच्या सीलमधून आलेलं गिअरचं तेल! काकांना ड्रम उघडून दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "तरी थांबायचा."

थांबायचा, कारण गावात कोणी वेगाने जात नाही.

९ फेब्रुवारी

इंजिन. हीच आजची मोठी नोंद.

हेड काढलं. सिलिंडरच्या वरच्या टोकाला नखाला लागेल असा काठ. बोअर गेजने मोजलं: पिस्टनची वरची रिंग जिथे वळते त्या पट्ट्यात सर्वांत जास्त झीज, ०.३ मिमीच्या पुढे. खाली येऊ तशी कमी, तळाशी जवळजवळ नाहीच. वरच्या रिंगा पत्र्यासारख्या पातळ, तेलाच्या रिंगा त्यामानाने ठीक. आणि मेन बेअरिंगचे कप काढले तर करडे, गुळगुळीत, ओरखडा नाही.

या दोन गोष्टी एकत्र वाचायच्या असतात. कचरा तेलातून आला असता तर आधी बेअरिंग गेले असते. बेअरिंग शाबूत आणि सिलिंडरचा फक्त वरचा भाग खाल्लेला, म्हणजे धूळ हवेच्या वाटेने आली. काकांनी तेल वेळच्या वेळी बदललं याचा हा पुरावाच, आणि हे ऐकून त्यांची छाती थोडी फुगली.

मग हवेची वाट पाहिली. मिस्त्री आधीच म्हणाले होते, "दीदी, पहले हवा का रस्ता देखो." एअर क्लीनरची वाटी स्वच्छ, तेल खुणेपर्यंत. दोष तिथे नव्हताच. क्लीनरपासून इंजिनापर्यंत येणारा रबरी पाइप क्लॅम्पच्या खाली अर्धा फाटलेला, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. म्हणजे हवेचा एक भाग क्लीनर टाळून थेट आत. किती हंगाम ते ती पट्टी काही सांगत नाही.

तेलाच्या क्लीनरबद्दल दोन शब्द, कारण जुन्या ट्रॅक्टरवर तोच असतो. हवा मधल्या नळीतून खाली येते, तेलावर आदळून उलटी वळते, जड धूळ तेलात राहते, हलकी वरच्या जाळीत अडकते. हे सगळं हवेच्या वेगावर चालतं. इंजिन मंद चालत असेल तर वेग कमी आणि गाळणंही कमी. कागदी फिल्टर याबाबतीत उजवा. मळणीच्या वेळी ट्रॅक्टर तासन्‌तास भुशाच्या ढगात उभा असतो, तेव्हा वाटी रोज बघावी लागते. खुणेपेक्षा जास्त तेल भरलं तर इंजिन ते पितं, कमी भरलं तर धूळ पितं.

दुसरा शोध: थर्मोस्टॅट नाही. त्याची जागा रिकामी. "गरमी में निकाल देते हैं" असं मिस्त्री अगदी सहज म्हणाले. या सवयीवर माझा खरा राग आहे. ट्रॅक्टर तापतो तो सहसा रेडिएटर भुशाने बुजल्याने, पट्टा सैल असल्याने किंवा आत क्षार साठल्याने. थर्मोस्टॅट काढला की काटा खाली येतो आणि कारण तसंच राहतं. वर इंजिन कायम गार चालतं. ८० अंशांच्या आसपास चालायला बनवलेलं इंजिन ५० वर चालवलं की जळणातली वाफ गार सिलिंडरच्या भिंतीवर पाणी होऊन बसते, त्यात आम्ल तयार होतं, अर्धवट जळालेलं डिझेल तेलात उतरतं. झीज धुळीने झाली खरी, पण गारठ्याने तिला हात दिला असणार.

पाण्याच्या वाटांमध्ये बोअरवेलच्या पाण्याचा पांढरा थर. खरवडून काढला. यापुढे कूलंटच, आणि रेडिएटरला स्प्रिंगचं झाकण. दाबाने पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो, सात पौंडांच्या झाकणाने साधारण अकरा-बारा अंश. आत्तापर्यंत तिथे ताटलीच होती.

२३ फेब्रुवारी

लायनर (सिलिंडरची आतली बदलता येणारी नळी) आणि क्रँक घेऊन सांवेर रोडच्या औद्योगिक भागात. क्रँकचे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग, थोडे लंबगोल, घासून किंचित बारीक केले की (दहा नंबर अंडरसाइज) साफ होतील.

इथे एक गोष्ट बघून घ्यावी. जर्नल जिथे बाजूच्या भिंतीला मिळतो त्या कोपऱ्यात छोटी गोलाई असते. घाईत घासणारा चाकाची धार काटकोनी ठेवतो आणि ती गोलाई उडवतो. ताण सगळा त्या कोपऱ्यात एकवटतो, तडा तिथूनच सुरू होतो, आणि वर्षभरात क्रँक तुटतो. मग म्हणतात, जुनं लोखंड थकलं. पहिल्या दुकानात कारागिराला गोलाईबद्दल विचारलं तर तो हसला, तेव्हा तिथून उठले. दुसऱ्या ठिकाणी त्याने चाक आधी गोल करून दाखवलं. भाव जास्त, काम त्याला दिलं.

९ मार्च

गिअरबॉक्स. वरचं झाकण काढायचं ठरलंच होतं, पण उत्साह माझ्या व्यवसायाचाही.

हा सरकत्या गिअरांचा खोका. गिअर टाकताना अख्खं चाक शाफ्टवर सरकून दुसऱ्यात शिरतं. त्यामुळे दातांच्या अंगावर झीज नगण्य, जे काही नुकसान ते दातांच्या टोकांना: कोपरे तुटलेले, गोल झालेले. चालत्या ट्रॅक्टरवर गिअर टाकायची सवय तिथे लिहिलेली असते. शेतातल्या गिअरांची टोकं ठीक, रस्त्यावरच्या वरच्या गिअरांची कुरतडलेली. पुन्हा ट्रॉली.

एक गिअर बदलायलाच हवा होता. मूळ कंपनीचा आता मिळत नाही, इंदूरच्या सियागंज बाजारातून पर्यायी आणला, किंमत अपेक्षेच्या एक-तृतीयांश. आमच्या प्रयोगशाळेत परवानगी काढून दोन्ही तपासले. चाळीस वर्षांच्या जुन्या दाताच्या पृष्ठभागाचा कडकपणा ५९ रॉकवेल सी. नवा ४७. मग नवा कापला, घासून आम्लात बुडवला आणि सूक्ष्म कडकपणा मोजला. अशा गिअरचं पोलाद आतून चिवट ठेवतात आणि वरून कार्बन मुरवून कडक करतात. कडकपणा ५५० विकर्सपर्यंत (हे कडकपणाचं दुसरं माप) उतरतो ती खोली म्हणजे कामाची कडक साल. जुन्यात ती एक मिलिमीटरच्या आसपास. नव्यात पृष्ठभागच ५५० च्या खाली, म्हणजे साल मोजायला जागाच नाही. असा दात काही हंगाम छान चालतो, मग पापुद्रे सुटतात आणि ते पापुद्रे तेलातून बाकी सगळ्यांकडे जातात.

जुन्या ट्रॅक्टरचा आजचा सर्वांत कमकुवत भाग म्हणजे त्यात नव्याने बसवलेला भाग, हे माझं मत. कापलेला गिअर मिस्त्रींना दाखवला, तो त्यांनी खिशात टाकला, गिऱ्हाइकांना दाखवायला. शेवटी त्याच मॉडेलच्या भंगारातल्या ट्रॅक्टरचा गिअर मिळाला. मोजला, ५८, बसवला.

१६ मार्च

डिझेल पंप. दुकानात दिला, चाचणी बेंचवर डिलिव्हरी कमी, हेड-रोटर, म्हणजे पंपाचा डिझेल दाबणारा आतला भाग, बदलला. या फिरत्या पंपाला वंगण डिझेलचंच, आतल्या फटी मायक्रॉनमधल्या. पाण्याचा थेंबही त्याला पुरतो. टाकीच्या तळाशी गाळ आणि पाणी दोन्ही निघालं.

दुकानदाराचं म्हणणं, नव्या डिझेलने जुने पंप खाल्ले. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ या प्रदूषणनियमाचं डिझेल, गंधक ५० वरून १० पीपीएमवर (दहा लाखांत दहा भाग) आलं हे खरं. गंधक काढताना वंगणगुण कमी होतो हेही खरं. पण म्हणूनच त्यात वंगण वाढवणारं द्रव्य घालतात आणि डिझेलच्या भारतीय मानकात, आयएस १४६० मध्ये, त्याची कसोटी आहे, ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा झिजेचा डाग चालत नाही. आमच्या टाकीतलं पाणी बघता नव्या डिझेलवर आळ घेणं मला जड जातं.

२३ मार्च

बुधवारी रंगपंचमी, राजवाड्याची गेर, म्हणजे इंदूरची रंगाची मिरवणूक. मिस्त्रींचा मदतनीस अजून गुलाबी आहे.

लिफ्ट. हॅरी फर्ग्युसनने १९२६ मध्ये पेटंट घेतलेली कल्पना अजून आपल्या शेतात चालते आहे याचं मला दर वेळी नवल वाटतं. नांगर जमिनीत ओढला जाताना वरच्या दांड्यातून ट्रॅक्टरला पुढे रेटतो. तो रेटा स्प्रिंगने जोखायचा, वाढला की पंपाने नांगर किंचित उचलायचा आणि त्याचं वजन मागच्या चाकांवर आणायचं. त्यामुळे हलका ट्रॅक्टरही घसरत नाही.

आमच्या ट्रॅक्टरात हा पंप गिअरच्या तेलातच बुडालेला आहे. गिअर, डिफरेन्शियल आणि लिफ्ट, सगळ्यांचं मिळून तीसेक लिटर तेल. एवढं तेल महाग, म्हणून ते बदललं जात नाही. वहीत चाळीस वर्षांत फक्त तीनदा. बाहेर काढलं तर ताकासारखं. गिअरच्या दांड्याचा रबरी बूट फाटलेला, ट्रॅक्टर पावसात उघड्यावर, पाणी तिथून. जाळी निम्मी बुजलेली. लिफ्टच्या पिस्टनची रिंग झिजलेली आणि नळीची ओ-रिंग कडक झालेली, म्हणून उचललेला नांगर तेल गळून खाली यायचा, झडप पुन्हा उचलायची. ते खालीवर नाचणं म्हणजे एवढंच.

वरच्या दांड्याचा ब्रॅकेट वेल्डिंग केलेला सापडला. काकांनी कबूल केलं, फसलेली ट्रॉली एकदा तिथून साखळीने ओढली होती. ओढायचं ते नेहमी खालच्या हुकातून. वरून ओढलं तर मागची चाकं अडून पुढचा भाग उचलला जातो आणि ट्रॅक्टर चालकावर उलटतो. सावरायला वेळ मिळत नाही. ब्रॅकेट नवा घेतला. साखळी मी गाडीत टाकून इंदूरला आणली आहे.

३० मार्च, गुढीपाडवा

काकांना आजच सुरू करायचा होता. व्हॉल्व्हची फट थंड इंजिनावर ०.३० मिमीवर लावली, इंधनातली हवा काढली. काकूंनी गुढीची साखरगाठी स्टीअरिंगला अडकवली. दुसऱ्या हाकेला पेटला. निळा धूर थोडा, रिंगा बसेपर्यंत राहील. तेलाचा दाब चांगला. क्रँकच्या मागे नवी दोरी, आत्ता तरी कोरडी.

मिस्त्रींनी पेढा खाल्ला आणि विचारलं, थर्मोस्टॅट खरंच बसवलात का? बसवला.

१३ एप्रिल

गावातल्या दुसऱ्या जुन्या ट्रॅक्टरांकडे फिरले, वहीतला अंदाज फक्त आमच्याच घरचा आहे का ते बघायला.

ओल्या लायनरचं इंजिन असलेल्या एकाला तेलात पाणी. ओल्या लायनरला बाहेरून थेट पाणी लागतं, ते खाली रबरी रिंगांनी अडवलेलं असतं आणि त्या रिंगा वयाने कडक होतात. लायनर बदलणं सोपं, ही त्याची दुसरी बाजू. दुसरा ट्रॅक्टर लायनरच नसलेल्या, थेट ब्लॉकमध्ये भोक असलेल्या इंजिनाचा. त्याच्या भिंतीला पाण्याच्या बाजूने बारीक छिद्रं पडून एक आरपार झालं. भिंत थरथरते, पाण्यात सूक्ष्म बुडबुडे होतात आणि फुटताना धातू टोकरतात. साध्या पाण्यावर चालवलेल्या इंजिनांना हा रोग जास्त, कूलंटमधली रसायनं भिंतीवर थर धरून तो रोखतात. ब्लॉकमध्ये लायनर ठोकून घेतला तर तो अजून वीस वर्षं जाईल. तिसरा हवेने थंड होणारा, एका सिलिंडरचा, मालक त्याच्या सिलिंडरवरच्या, हवेने गार होणाऱ्या पात्या ब्रशने साफ करतो आणि बाकी काही करत नाही. तो ठणठणीत आहे. तो ट्रॉलीला कधी जुंपला नाही, फक्त विहिरीवरचा पंप चालवतो.

क्लच, ब्रेक, पुढचा एक्सल: जे भाड्याला जातात त्या सगळ्यांची हीच तक्रार, कंपनी कुठलीही असो. इंजिनाच्या तक्रारी मात्र रचनेप्रमाणे वेगळ्या.

पुतण्या म्हणतो नवा घ्या. घ्यावाही. पण ५० हॉर्सपॉवरच्या वरच्यांनाच २०२३ पासून नवे कडक धूरनियम लागले आहेत, या आकारातले नवे ट्रॅक्टर यंदा, २०२५ मध्ये तरी, साध्या पंपाचेच निघतायत. म्हणजे दुखणी फार वेगळी असतील असं समजू नये.

२५ मे

उन्हाळी नांगरट, चार एकर. नांगर वर उचलून इंजिन बंद केलं, अर्ध्या तासात चार बोटं खाली आला. जानेवारीत तो मिनिटभरात टेकायचा. तापमान स्थिर. क्लच कोरडा. डावा ब्रेक उजव्यापेक्षा किंचित आधी धरतो, पुन्हा जुळवायचा, नाहीतर दोन्ही पेडल जोडून रस्त्यावर दाबले की ट्रॅक्टर डावीकडे ओढेल.

तेल पहिल्या बदलाला काढलं. चुंबकावर बारीक भुकटी, पापुद्रे नाहीत.

२२ जून

पाऊस झाला. काका १०० मिमी पुरा होईपर्यंत थांबले, मग काल-आज सोयाबीन पेरलं. ट्रॅक्टर शेतात होता.

राहिलेलं: पुढच्या हबचे सील, मागवलेत. डायनॅमो थकलाय, दिवाळीनंतर अल्टरनेटर. पीटीओच्या, म्हणजे मळणीयंत्र फिरवणाऱ्या मागच्या, शाफ्टवर झाकण नाही, हे मळणीच्या आधी झालंच पाहिजे, यावर चर्चा नाही. ग्रीसचा तक्ता शेडच्या दारावर लावला, काका त्यावर तारखा टाकतायत, बँकेतल्या अक्षरात.

टँकरचं मात्र ठरलेलं नाही. मी म्हटलं, ओढायचाच तर ब्रेक असलेला आणि तीन हजार लिटरचा. काका म्हणतात, मेमध्ये पाणी मागायला येणाऱ्याला लिटर मोजून कसं सांगू. वहीत त्यांनी टँकरचं नवं पान काढून ठेवलंय. मी त्याच्या वरच्या कोपऱ्यात क्लच प्लेटची आजची किंमत लिहिली आहे.